पारीवरचा डाग

वीरेंद्र फोटो काढायला निघाला की घरात वऱ्हाड निघाल्यासारखी तयारी चालायची. महिन्याच्या पहिल्या रविवारची आदली संध्याकाळ आली की पलंगावर सगळा संसार मांडला जाई: कॅमेरा, रुंद दृश्याची लेन्स, तीन बॅटऱ्या, दोन कार्डं, फिल्टरांचा डबा, भिंग पुसायचं मऊ फडकं, कपाळावर बांधायचा दिवा आणि ट्रायपॉड. त्याची बायको नीतू ट्रायपॉडला सवत म्हणायची, कारण मोटरसायकलवर तिच्या जागी तोच बसून जायचा. वीरेंद्र हसायचा आणि यादीवर खुणा करत राहायचा. यादी छापील होती. हायस्कुलात भूगोल शिकवणारा माणूस हौससुद्धा वेळापत्रकाने करतो, त्याला इलाज नाही.

गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या त्याच्या घरापासून आंजनबांध पासष्ट किलोमीटर. सूर्य किती वाजता आणि कुठल्या झाडामागून निघणार हे फोन त्याला आठवडाभर आधी सांगायचा. ढग किती, वारा किती, हेही सांगायचा. वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या पडतात आणि प्रतिबिंब मोडतं, म्हणून वारा सांगितला की तो शनिवारीच तोंड पाडून बसे. कोंबडा आरवायच्या आधी निघायचं, रस्त्यात कुठे थांबायचं नाही, चहा थर्मासमधला प्यायचा आणि उजाडायच्या अर्धा तास आधी आंजनबांधच्या पहाडीवर पाय ठेवायचा. तिथल्या एका सपाट दगडावर त्याने पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके काढून ठेवले होते. ट्रायपॉडचे तीन पाय त्या तीन ठिपक्यांवर. जागा तीच, लेन्स तीच, उंची तीच. बारा महिन्यांचे बारा फोटो, आणि ऑगस्टअखेर गोंदियात फोटो क्लबच्या प्रदर्शनात एका भिंतीवर सगळे ओळीने. सप्टेंबरात सुरुवात केली तेव्हापासून ती भिंत त्याला डोळ्यांसमोर दिसत होती.

आणि चौकट होतीही तशीच. डावीकडे तलाव, उजवीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मधून वळण घेत गेलेली पार. पार म्हणजे तलावाचं पाणी अडवणारा मातीचा उंच बांध. ही पार वीरेंद्रच्याच घराण्याने बांधलेली. त्याची कोहळी जात तलाव बांधण्यात हयात घालवणारी, आणि त्याच्या कुठल्यातरी खापरपणज्याने टोपल्या वाहून हा तलाव उभा केला, हे तो क्लबात आवर्जून सांगायचा. त्याच्या स्वतःच्या हाताला मात्र खडूपलीकडे माती लागलेली नव्हती.

नोव्हेंबरात, म्हणजे तिसऱ्या फोटोच्या वेळी, त्या चौकटीत एक नको ती गोष्ट शिरली. पारीच्या बाहेरच्या उतारावर, तळाशी, जिथे बेशरमची झुडपं दाट माजली आहेत, तिथे एक काळपट ओला डाग दिसत होता. कडेने गंजासारखा लालसर, मध्ये गवत भलतंच हिरवं. पहाडीवरून तो जेमतेम टोपलीएवढा दिसे, पण एकदा दिसला की नजर दुसरीकडे जाईना. सगळा फोटो पिवळ्या धानाचा आणि धुक्याचा, आणि खाली हा डाग, नव्या धोतरावर पानाची पिंक पडावी तसा. वीरेंद्र घरी गेला, संगणकावर बसला आणि शेजारचं कोरडं गवत उचलून त्याने डागावर ठेवलं. दोन मिनिटांचं काम. त्या हत्याराला सॉफ्टवेअरमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ बरं करणं असा होतो.

डिसेंबरात डाग मोठा झाला, जानेवारीत आणखी. पाणी उतरलं तसा उन्हाळ्यात तो वाळला, पण लाल खूण राहिली. वीरेंद्रने तीही पुसली. बारा फोटोंत पार एकसारखी दिसायला हवी होती. जुलैत तलाव चढू लागल्यावर डाग परत आला तेव्हा तर त्याचा हात इतका बसला होता की पुसलेली जागा त्याची त्यालाच सापडेना. याचा त्याला अभिमानही वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

फोटो काढून झाला की तो गावात उमरावकाकांकडे जाई. हे त्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय चौऱ्याहत्तर, तलावाचं पाणी वाटण्यात आणि पार राखण्यात जन्म गेलेला. सरकारदरबारी तलाव आता कोणाचाही असो, गाव पारीबद्दल विचारायचं ते उमरावकाकांनाच. दर अमावस्येला पहाटे चपला काढून ते पारीच्या पायथ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत. डोळा फसते, तळवा नाई फसत, असं ते म्हणायचे. कुठे जमीन गार लागली, कुठे दबली, हे तळव्याला आधी कळतं आणि मग गाव कुदळी घेऊन निघतं. पण गेल्या पोळ्याला त्यांना लकवा मारला आणि उजवा पाय लाकूड झाला. तेव्हापासून खाट, ओसरी आणि काठी, एवढंच त्यांचं जग.

सप्टेंबरातला पहिला फोटो वीरेंद्रने त्यांना मोबाइलवर दाखवला होता. म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, मोठा काढून आण. वीरेंद्रला हर्ष झाला. तो दर महिन्याचा फोटो हातभर आकारात छापून आठवडाभरात आणून देऊ लागला आणि काका ते ओसरीवर तार बांधून चिमट्यांनी ओळीने टांगू लागले. पुढे पुढे तर ते सूचनाही करत. जरा उजवीकडे घे, पारीची भायेरची बाजू पुरी येऊ दे, बेशरमपाशी अंधार नको ठेवू. वीरेंद्र क्लबात कौतुकाने सांगायचा की माझ्या काकांना शाळा नाही, पण चौकटीची नजर आहे. क्लबातले लोकही वाहवा करायचे. आपलं कौतुक कानावर पडत असलं की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

ऑगस्टचा रविवार आला तो आठ दिवसांच्या पावसानंतर. फोनने सांगितलं होतं की सकाळी दोन तास उघडीप मिळेल, आणि मिळाली. ढग फाटले, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, तलाव काठोकाठ, रोवणा, म्हणजे लावणी, झालेल्या बांध्या कोवळ्या हिरव्या. वीरेंद्रने पाण्यावरची चमक मारणारा फिल्टर फिरवला, आकाश आवरणारा दुसरा फिल्टर लावला आणि पडद्यावर मोठं करून फोकस तपासला. तेव्हा त्याला दिसलं की डागातून आज पाणी वाहत होतं. बारीकच, पण लालसर गढूळ, आणि ते पारीखाली राहणाऱ्या कुंदाबाईच्या कोठ्याकडे, म्हणजे गोठ्याकडे, उतरत होतं. वीरेंद्रच्या मनात आलेला पहिला विचार असा, की आज पुसायला वेळ लागेल, वाहत्या पाण्याचा पोत जुळवणं अवघड. दुसरा विचार आला नाही. त्याने नऊ फोटो काढले.

ओसरीवर पोहोचला तेव्हा कुंदाबाई तिथे उभी होती. नवरा गेल्यानंतर पारीखालची दीड एकर धानाची बांधी ठेक्याने करणारी बाई, घरही तिचं तिथेच, पारीच्या शेवटच्या वळणाखाली. पदर ओला, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाचे. महिन्याभरात ती तिसऱ्यांदा आली होती, हे काकांच्या आवाजावरूनच कळत होतं. कोठ्यातली जमीन पाझरते, म्हैस उभी राहिली की खूर रुततो, आणि आज पाणी लाल येऊन राहिलं, असं ती सांगत होती. गावात सांगितलं तर लोक म्हणतात, पावसाचे दिवस आहेत, ओल येणारच. उमरावजी काही बोलले नाहीत, मग तू कोण?

काकांनी काठी उचलून तारेवरचे फोटो दाखवले. एकेका फोटोवर काठीचं टोक ठेवत ते सप्टेंबरपासून जुलैपर्यंत गेले.

"हे पाह्य. हे पाह्य. अकरा महिने झाले, पार कोरडी ठणठणीत आहे. थेंब नाई. माहा पाय गेला म्हणून का मी पार सोडलो? दर महिन्याले पाहून राहिलो मी."

वीरेंद्र दारात बूट काढत होता. एक बूट पायात आणि एक हातात, तसाच तो थांबला. म्हातारा एवढे दिवस फोटोत काय बघत होता, ते त्याला त्या क्षणी कळलं. उजवीकडे घे, बाहेरची बाजू येऊ दे, अंधार नको. चौकटीची नजर कसली! काका दर अमावस्येला जिथून चालायचे, तिथूनच त्याच्या फोटोंतून चालत होते, आणि त्याने त्यांच्या वाटेवरची ओल पुसून ठेवली होती.

कुंदाबाई त्याच्याकडे वळली. "गुरुजी, तुमी त आताच पहाडीवरून आले. तुमाले दिसलंच असंल. माह्या कोठ्याच्या वर, बेशरमपाशी पाणी हाय का नाई?"

काकाही त्याच्याकडे बघत होते, निर्धास्त, आपला साक्षीदार आल्यासारखे.

"धुकं होतं, बाई," वीरेंद्र म्हणाला. "नीट दिसलं नाही."

ती क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पायऱ्या उतरली. म्हैस तरी सोडते, असं पुटपुटत ती गेली.

आतून काकूने लाखोरीच्या डाळीचे वडे आणि चहा पाठवला. वीरेंद्रने वडा हातात घेतला आणि तो हातातच राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं त्याचं. तारेवरचे अकरा फोटो त्याच्याकडेच बघत होते. आपलं खोटं तो मनातल्या मनात छोटं करू पाहत होता. पाझर काय, जुन्या पारीला असतोच. शंभर वर्षं टिकली ती एका दिवसात थोडीच जाते. घरी जाऊन काकांना फोन करून सावकाश सांगता येईल, म्हणजे असं की, एकदा कोणाला तरी पाहायला पाठवा. पण बाहेर पुन्हा थेंब पडू लागले होते.

"आजचा दाखव," काका म्हणाले. "छापून आणशीन तवा आण. कॅमेऱ्यात त दिसते ना."

बॅटरी संपली, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. बॅगेत दोन भरलेल्या बॅटऱ्या होत्या, पण काकांना ते कुठे ठाऊक. तो कॅमेरा हातात घेऊन उगाच पट्टा सारखा करत बसला. मग त्याने फोटो लावला, मोठा केला, आणखी मोठा केला, डाग पडद्याच्या मधोमध आणला आणि कॅमेरा काकांच्या मांडीवर ठेवला.

काकांनी पडदा डोळ्यांजवळ नेला.

"पाणी सफेद आहे का लाल?"

"लाल. गढूळ."

"कईपासून?"

"कार्तिकापासून ओल आहे, काकाजी. लाल पाणी आजच दिसलं."

म्हाताऱ्याने मान वर करून तार बघितली. कार्तिकाचा फोटो, पिवळ्या धानाचा, तिसरा. मग बाकीचे. "त मंग ह्याच्यात?"

"मी पुसला. सगळ्यांत."

"काऊन?"

वीरेंद्रजवळ याचं एकच उत्तर होतं आणि ते त्याला स्वतःलाच ऐकवेना. "फोटो चांगला दिसावा म्हणून."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हलक्या आवाजात, हिशेब करावा तसं बोलले. "उनाळाभर पार कोरडी होती. गावात मानसं रिकामी होती. माती बाजूलेच होती." आणि थोड्या वेळाने, "साफ पाणी आलं त भेव नाई. लाल आलं म्हंजे पार आतून खाऊन राहिली. उठव मले."

पुढचे सात-आठ तास गावाने धावपळ केली. वीरेंद्रने काकांना मोटरसायकलवर मागे बसवलं, उपरण्याने स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि पारीच्या तोंडाशी नेलं. ट्रायपॉडच्या जागी म्हातारा. तिथे काकांनी चांगल्या पायातली चप्पल काढली, दोघांच्या खांद्यावर भार टाकून पायथ्याची जमीन दाबून पाहिली आणि सांगितलं की पाणी उतरवा. लोक गोण्या घेऊन पाझराचं तोंड बुजवायला धावले, त्यांना त्यांनी थांबवलं. तोंड दाबलं तर पाणी दुसरीकडून फोडेल. तुडुम, म्हणजे बांध्यांना पाणी सोडायचं दार, पूर्ण उघडलं. सांडव्याच्या बाजूची माती सब्बल आणि फावड्यांनी कापली. वर्षभराचं पाणी नाल्याला जाताना बघत लोक माती कापत होते. वीरेंद्रही कापत होता. अर्ध्या तासात त्याच्या तळहाताला फोड आले.

दुपारी चारच्या सुमारास पारीची बाहेरची कड बसली. मोठा आवाजही झाला नाही. पंधरा हात लांबीची माती सुस्कारा टाकावा तशी खाली घसरली आणि तिच्याबरोबर पाण्याचा एक लोट उतरला. तलाव तोवर दोन हात उतरला होता म्हणून पार फुटली नाही, गाव वाचलं. कुंदाबाईचा कोठा मात्र आडवा झाला आणि तिच्या दीड एकर रोवण्यावर रेती आणि चिखल पसरला. म्हैस तिने सकाळीच सोडली होती.

लोक पावसात पारीवर गोळा झाले. आश्विनात उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. कोणीतरी विचारलंच की उमरावजी, तुम्ही तर पार कोरडी सांगून राहिले होते. काका दगडावर बसले होते. त्यांनी हात जोडले. या गावात त्यांना कोणी कधी हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"माही चूक झाली," ते म्हणाले. "मी पायानं नाई पाह्यलो."

वीरेंद्र पुढे आला आणि त्याने सगळं सांगितलं. डाग दिसत होता, दर महिन्याला दिसत होता, मी तो फोटोतून काढून टाकला, काकांची यात काही चूक नाही. लोकांनी ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या ते नीट ध्यानातच आलं नाही. फोटोनं का पार फुटते, गुरुजी, असं एकजण म्हणाला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला. माफी इतकी स्वस्त मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि ती त्याला नको होती. तो तिथेच उभा राहिला.

कुंदाबाईला मात्र ते कळून चुकलं. ती गर्दीच्या मागे म्हशीचा दोर धरून उभी होती. लोक पांगल्यावर ती त्याच्याजवळ आली.

"धुकं नव्हतं, गुरुजी," ती म्हणाली. "मी सकाळपासून आंगणातच होती. पहाडीवर तुमी उभे होते, तुमचा तो तीन पायाचा घोडा होता. मले खालून सारं दिसत होतं."

म्हशीचा दोर ओढत ती निघाली. उत्तराची तिने वाट पाहिली नाही.

प्रदर्शन ठरल्या दिवशी झालं. वीरेंद्र नाव काढून घ्यायला गेला होता, पण मग त्याने संगणकातून मूळ फोटो शोधून काढले, न पुसलेले, आणि ते बाराही तसेच लावले. क्लबचा सचिव चुन्नीलाल, जो तीस वर्षं लग्नांचे फोटो काढत आला आहे, भिंतीसमोर मागे-पुढे होऊन बघत राहिला. लाइट सुंदर, कंपोझिशन एक नंबर, असं म्हणाला. मग हळूच कानाशी येऊन बोलला, "मास्टरजी, बस ये दाग रह गया. दो मिनट का काम था." नीतू शेजारी उभी होती. तिने नवऱ्याचा फोडांच्या खुणा राहिलेला हात हातात घेतला आणि सोडला नाही.

सप्टेंबरचा पहिला रविवार उजाडला. आदल्या संध्याकाळी पलंगावर काही मांडलं गेलं नाही. वीरेंद्र अंधारातच निघाला, पण पहाडीकडे वळला नाही. पारीच्या तोंडाशी गाडी लावून त्याने बूट-मोजे काढले आणि पायथ्याने चालायला लागला. काट्यांनी तळवे सोलले. कुठे गार, कुठे कोमट, कुठे मऊ, त्याला काहीच नीट कळत नव्हतं. सगळी जमीन त्याला सारखीच ओली लागत होती. कड बसलेल्या जागी नवी माती होती. खाली कुंदाबाई तिच्या बांधीतली रेती टोपलीने उचलून बांधावर टाकत होती. त्याने टोपलीला हात लावायला वाकून पाहिलं. तिने नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. तो दहा-बारा टोपल्या टाकून पुढे गेला.

ओसरीवर तार रिकामी होती. चिमटे तेवढे लोंबत होते. काका खाटेवर बसले होते. महिनाभर ते त्याच्याशी फोनवरही बोलले नव्हते.

"चाललो, काकाजी," वीरेंद्र म्हणाला. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण मला काही समजत नाही."

"पाय इकडं कर."

तो खाटेसमोर बसला. काकांनी वाकून त्याचा चिखलाने भरलेला पाय उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. वीरेंद्र दचकला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, बापाच्या जागी असलेल्या माणसाने आपल्या पायाला हात लावावा, हे पाप कुठे फेडायचं? त्याने पाय मागे ओढला. म्हाताऱ्याने तो घट्ट धरून ठेवला आणि अंगठ्याने तळव्यावरची माती खरवडून, चिमटीत चोळून तिची ओल पाहू लागला.

"राहू दे गा," ते म्हणाले. "तो माहा पाय आहे."